बाटलीवरचं नाव

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज डॉक्टरांनी आम्हा नवराबायकोला एकेक बाटली दिली. पांढरं झाकण, बोटभर उंची, वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ज्याचं त्याचं नाव. आत काय भरायचं ते लिहायची गरज नाही. परवा सकाळची पहिली, उठल्याबरोबरची, चहाच्याही आधीची हवी म्हणाल्या. माझ्या कुठल्याही गोष्टीची कुणी इतक्या तातडीने वाट पाहिल्याचं मला आठवत नाही.

मधुमेह आम्हा दोघांनाही आहे. मला आठेक वर्षं झाली, हिला पाचेक. पण हिचा मधुमेह पहिल्या बाकावरचा आणि माझा शेवटच्या. हिची साखर बघून डॉक्टर मान डोलावतात, माझी बघून चष्मा काढतात.

"काका," त्या म्हणाल्या (वयाने आमच्या लेकीएवढ्या आहेत, पण खुर्ची मोठी आहे), "साखर वाढती राहिली की किडनीची गाळणी झिजते. दुखत नाही, खुपत नाही, कळतही नाही. लघवीतून प्रोटीन जायला लागलं की ती पहिली खूण. म्हणून दर वर्षी बघायचं असतं. तुम्ही दोन वर्षं टाळलीय तपासणी."

"दौरे असतात," मी म्हणालो.

"दौऱ्यावर लघवी होत नाही का?" ही म्हणाली. भर दवाखान्यात, चार पेशंटांच्या देखत.

डॉक्टर हिचाही रक्तदाब बघणार होत्या. "माझं राहू द्या, यांचंच बघा नीट. मला पार्लर उघडायचंय," म्हणून ही उठलीसुद्धा. पहिल्या बाकावरच्यांना कोण अडवणार.

४ फेब्रुवारी, बुधवार

मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. पारड्याखाली चुंबक लावणारे, वजनाच्या पोटात मेण भरणारे, मापाचं बूड आत ठोकणारे, सगळे माझ्या हाताखालून गेले आहेत. मी दुकानात शिरलो की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचं वजन आपोआप बरोबर होतं. अशा माणसाला आता बोटभर बाटली मापणार.

खरं कारण लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. मला भीती वाटते. दादाच्या, माझ्या थोरल्या भावाच्या, किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून तीनदा मीच त्याला मशीनवर घेऊन जायचो. चार तास तो त्या खुर्चीत पडलेला आणि त्याचं रक्त नळीतून बाहेर जाऊन परत येतंय. पाणीसुद्धा घोट मोजून प्यायचा. शेवटी शेवटी मला म्हणाला, "मला कुणी आधी सांगितलं असतं तर." सांगितलं होतं. सगळ्यांनी सांगितलं होतं.

वरचं वाचून कुणाला वाटेल, हा आता शहाण्यासारखा तपासणी करून घेईल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काम फत्ते.

ही आंघोळीला गेली तेव्हा दोन्ही बाटल्या दारापाशी कागदी पिशवीत भरून तयार होत्या. किटलीच्या वाफेवर चिठ्ठ्या धरल्या, कोपऱ्यातून नखाने उचलल्या, अलगद बदलल्या, वरून अंगठा फिरवला. सुरकुती नाही, फाटणं नाही. सील न फोडता सील कसं बदलतात हे मला ज्याने शिकवलं तो मापात पाप करणारा दुकानदार आज असता तर त्याने माझे पाय धरले असते. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. पण कुंपणाची बाजू कुणी ऐकून घेत नाही.

आणि हिचं काय बिघडणार आहे? माझी घाण हिच्या नावावर निघाली तर डॉक्टर म्हणतील, छे, काकूंच्या बाबतीत हे शक्यच नाही, प्रयोगशाळेची चूक दिसते. पहिल्या नंबरवाल्यांना ही सवलत असते. तपासणी परत होईल, तेव्हाचं तेव्हा बघू.

पिशवी हिने नेली; रक्त द्यायला मात्र नंतर मला प्रयोगशाळेत जावं लागलं, ते तिथल्या माणसाने स्वतः काढलं. त्याला मी काही करू शकलो नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण.

हिचा रिपोर्ट धुतल्या तांदळासारखा. माझ्यात प्रोटीन!

"फार नाही, पण जातंय," डॉक्टर म्हणाल्या. "रक्तातला आकडा ठीक आहे, पण रक्तात उशिरा दिसतं. घाबरू नका, आपण वेळेत आहोत. एका वजनावरून तुम्ही काटा नापास करत नाही ना? मीही करत नाही. तीन महिन्यांनी परत बघू. तोवर मीठ कमी, रोज चालणं, साखर ताब्यात, आणि तुमचा रक्तदाबही थोडा वर आहे, त्याला एक गोळी. दुखण्याच्या गोळ्या घेता का? गुडघा, कंबर, डोकं?"

"कधीच नाही," मी म्हणालो. हे एक खरं होतं.

"उत्तम. मधुमेह असताना त्या रोज घेतल्या तर किडनीचं वाटोळं होतं. मला विचारल्याशिवाय एकही नको."

"ऐकलंत ना?" ही गुडघा चोळत म्हणाली.

मी डोकं खाजवत होतो. चिठ्ठ्या मी बदलल्या होत्या. माझ्या डोळ्यांनी, माझ्या नखांनी. मग माझी घाण माझ्याच नावावर परत कशी आली?

११ फेब्रुवारी, बुधवार

उलगडा झाला. हिने परत बदलल्या.

दुसरं काय असणार? पिशवी प्रयोगशाळेत हीच घेऊन गेली होती. माझ्या बाटलीची चिठ्ठी ओलसर लागली असेल, हिच्या लक्षात आलं असेल. या बाईला कुणी मागल्या महिन्यात केस रंगवले आणि कुणी दुसरीकडे जाऊन रंगवले हे लांबून कळतं, तिथे वाफेची काय कथा. बाहेरच्या बाकावर बसून तिने शांतपणे बदलल्या असतील आणि मला एका शब्दाने बोलली नाही. हा तिचा स्वभाव. ओरडली असती तर परवडलं असतं.

आज जेवताना म्हणाली, "माणसाला फसवता येतं हो, शरीराला येत नाही." आणि माझ्याकडे बघून वाटी पुढे सरकवली. वाटीत बिनमिठाची भाजी. म्हणजे शिक्षा सुरू झालेली आहे.

मी विचारणार नाही. विचारणं म्हणजे कबुली. ती बोलणार नाही, मी विचारणार नाही. संसार असेच टिकतात.

२२ फेब्रुवारी, रविवार

चालायला नेते. रोज सकाळी, उजाडल्याबरोबर. मी म्हटलं, "अगं, तू दिवसभर पार्लरमध्ये उभी असतेस, तुझे गुडघे दुखतात, तू कशाला येतेस? मी जातो एकटा."

"तुम्ही एकटे कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जाल."

बेकरीवाल्याने मागच्याच रविवारी माझी वास्तपुस्त केली होती.

चालताना ती लंगडते. तरी माझ्या पुढे असते. परत आल्यावर एक गोळी घेते दुखण्याची, मग पार्लर. डॉक्टरांनी ती गोळी मला बंद केलीय, हिला नाही. मी आठवण करून दिली, तर म्हणाली, "माझा रिपोर्ट स्वच्छ आहे. तुम्ही तुमचं बघा." चिमटा बरोबर जागी घेते. तुम्ही केलेलं मला माहीत आहे, याहून वेगळा याचा अर्थ काय?

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात दिवाबत्ती, रोषणाई, सगळंच आहे.

१५ मार्च, रविवार

घरातलं मीठ माझ्यासाठी संपलं. कपाटात खाऱ्या शेंगदाण्यांचा डबा होता, चिप्सची पाकिटं होती, ती माझ्या डोळ्यांसमोर नकोत. फेकायची कशी, पैसे पडलेत. म्हणून ही पार्लरमध्ये नेऊन रोज थोडं थोडं संपवते. माझ्यासाठी. हा त्याग मी जवळून पाहिला. काल ती घरी आली तेव्हा ओठांवर मीठ होतं.

चपला नव्या घ्यायच्या म्हणते. जुन्या आखडल्या म्हणे. मी आयुष्यभर मापं तपासली, चप्पल आखडते हे पहिल्यांदा ऐकलं. पायांकडे बघ जरा, म्हणालो, पाय वाढलेत. "दिवसभर उभं राहा, मग कळेल," म्हणाली. बांगड्याही म्हणे घट्ट होतात. खारे दाणे अंगी लागलेले दिसतात.

माझं म्हणाल तर मी चार किलो उतरलो. खात्याच्या काट्यावर स्वतः खात्री केली.

८ एप्रिल, बुधवार

लेकीचा फोन. ती दूर असते, त्यामुळे तिला सगळ्या गोष्टींची काळजी दुप्पट करता येते. माझ्या किडन्यांबद्दल मला अर्धा तास ऐकवलं. मग म्हणाली, "आणि आई कशी आहे? आवाज थकल्यासारखा वाटला."

"तुझ्या आईला काय धाड भरलीय? ती मला पुरून उरेल."

ही शेजारीच होती, भांडी पुसत. हसली. मग खुर्ची ओढून बसली. भांडी पुसताना ती कधी बसत नाही.

गोळ्या आता दोन झाल्यात, एक सकाळी चालून आल्यावर, एक संध्याकाळी. मी म्हटलं, चालणं बंद कर. म्हणाली, "मे महिन्याचा रिपोर्ट येऊ दे. मला तुम्हाला त्या खुर्चीत बघायचं नाही."

कुठल्या खुर्चीत ते तिने सांगितलं नाही. दादाच्या शेजारी डबा घेऊन तीही बसायची.

मला वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो.

१२ मे, मंगळवार

पुन्हा बाटली. या वेळी मला एकट्यालाच. हिची तपासणी आता वर्षाने. हुशार मुलांना मधली परीक्षा नसते.

भरली, झाकण लावलं, पिशवीत ठेवली. हात शिवशिवला नाही असं नाही, पण बदलणार कुणाशी? शिवाय मी आता सज्जन आहे. तीन महिने मीठ नाही, बेकरी नाही. आजवर मी इतका चोख माल कुठल्याच दुकानात पाहिलेला नाही.

१५ मे, शुक्रवार

स्वच्छ! प्रोटीन नाही. साखरसुद्धा खाली. डॉक्टरांनी चष्मा काढला नाही, उलट पुसून परत घातला आणि रिपोर्ट दुसऱ्यांदा वाचला.

"काका, कमाल आहे. इतकं पूर्ण सुधारणं मी फार कमी वेळा पाहिलंय."

"श्रेय हिचं," मी म्हणालो. मोठ्या मनाने.

हिने डोळे पुसले. मग दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कठडा धरून उतरली, एकेक पायरी.

१७ मे, रविवार

हे कसं लिहावं कळत नाही.

संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. चहा होता, ही खूश होती, मी खूश होतो. मला वाटलं, आता या बाईचं तीन महिन्यांचं मौन आपणच मोडावं. जिंकलेल्या माणसाने कबुली दिली तर ती शोभून दिसते.

म्हणालो, "एक सांगू? तू बाटल्या परत बदलल्यास ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. पण तू कधी तोंडावर बोलली नाहीस, हे मी मानतो."

"कसल्या बाटल्या?"

"अगं, त्या. फेब्रुवारीतल्या. मी चिठ्ठ्या बदलल्या आणि तू परत..."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, नाटक करतेय. मी हसलोसुद्धा. एवढ्या वर्षांच्या संसारात मला हिचं नाटक ओळखता येतं, आणि हे नाटक नव्हतं.

"मी पिशवी उघडलीच नाही," ती म्हणाली. "तिथे खिडकीवर दिली आणि पार्लरला गेले."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती सुरू होत नव्हती.

तिने पाय पुढे घेतले. घोट्याच्या वर अंगठ्याने दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला. दादाच्या पायावर नर्स असंच दाबून बघायची.

"म्हणजे ते माझं होतं," ती म्हणाली.

१८ मे, सोमवार

रजा टाकली. डॉक्टरांसमोर मी सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं.

हिचा रक्तदाब घेतला. दोनदा घेतला. मग विचारलं, "काकू, गोळ्या कुठल्या घेता?"

हिने पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. अर्धं रिकामं होतं.

बाटली मिळाली. तिने माझ्याकडे न बघता ती पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

१९ मे, मंगळवार

पहाटे तिने बाथरूमची कडी लावली. आमच्या घरात ती कडी कुणी लावत नाही. मग बाटली पर्समध्ये घालून प्रयोगशाळेत एकटीच गेली. मी चप्पल घातली होती. "तुम्ही राहा," म्हणाली.

२५ मे, सोमवार

प्रोटीन आहे. फेब्रुवारीतल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त.

"फेब्रुवारीचा तुमचाच धरला तर दोन झाले," डॉक्टर म्हणाल्या. "आता शिक्का मारावा लागेल." माझ्याकडे बघून बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

मग समजावून सांगितलं. हिची साखर उत्तमच होती. पण किडनीसाठी नुसती साखर सांभाळून पुरत नाही. रक्तदाब कुणी बघितला नव्हता, आणि गोळ्या रोज, त्याही दोन, वर खारं. अजून फार उशीर झालेला नाही. रक्तातला आकडा थोडा हलला आहे. गोळ्या आजपासून बंद, रक्तदाबाची सुरू, मीठ कमी, गुडघ्याला शेक आणि व्यायाम, उभं राहणं कमी. नीट पाळलं तर इथेच थांबवता येईल, कदाचित मागेही जाईल. "फेब्रुवारीत कळलं असतं तर..." एवढं म्हणून थांबल्या. चांगल्या शिकलेल्या आहेत, कुठे थांबायचं ते कळतं.

तीन महिने मी हिच्या वाट्याचं पथ्य पाळलं. बिनमिठाचं जेवलो, चाललो, वजन उतरवलं, आणि हिने माझ्या वाट्याचे खारे दाणे खाल्ले. आजवर ज्यांना ज्यांना मी दंड केला, त्यांच्यातल्या एकानेही इतका चोख घोटाळा केलेला नाही. तेही फुकट, स्वतःच्या घरात.

रिक्षात तिने विचारलं, "तुम्हाला एकदाही वाटलं नाही, की ते माझं असेल?"

"नाही."

"का?"

"तुझ्यात काही खोट निघेल असं मला कधी वाटलंच नाही."

ती बाहेर बघत राहिली. घराजवळ आल्यावर म्हणाली, "इतक्या वर्षांत तुम्ही केलेली ही पहिली स्तुती. जरा स्वस्तात जमली नसती का?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं.

१४ जून, रविवार

पार्लरमध्ये उंच फिरतं स्टूल नेऊन ठेवलं. बसून केस कापता येतात म्हणे, मोठ्या शहरांत सगळे तसंच करतात. ही म्हणाली, बसून कात्री धरता येत नाही. एका गिऱ्हाईक बाईंनी माझी बाजू घेतली. आता बसते, पण मी आत आलो की उठून उभी राहते.

लेकीला फोनवर खरं सांगितलं. तिने फोन ठेवून दिला. मग आईला केला. माझ्याशी अजून बोलत नाही. मीठ आम्ही दोघेही कमी खातो. घरात आता रुची फक्त बोलण्यात उरली आहे, आणि तेही हिच्याच.

गुडघे दुखतात तिचे. रात्री शेकायची पिशवी मी भरून देतो. पहिल्यांदा दिली तेव्हा तिने बूच काढून पाण्यात बोट घालून बघितलं, किती गरम आहे ते. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, असं मी मानून घेतलं.

१८ ऑगस्ट, मंगळवार

आज पुन्हा दोघांच्या बाटल्या. मे महिन्यापासून ती स्वतःची बाटली स्वतः नेते, पर्समध्ये, चेन लावून. मी हे कधी बोलून दाखवलं नाही. कुठल्या तोंडाने बोलणार.

सकाळी स्वयंपाकघरात मी चहा ठेवला होता. ती आली, ओट्यावर दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि म्हणाली, "पार्लरमध्ये नवरी येणारेय आज, मला वेळ नाही. तुम्हीच नेऊन द्या."

किटलीतून वाफ येत होती. तिने ती बघितली, मीही बघितली. तिने गॅस बंद केला आणि केस विंचरायला गेली.

मी तिची बाटली उजव्या खिशात ठेवली, माझी डाव्या, आणि दोन्ही खिशांत हात घालून निघालो. रस्त्यात खात्यातले साहेब भेटले, हात पुढे केला, तर मी नुसती मान हलवली. त्यांना वाटलं असेल, निवृत्ती जवळ आली की माणसं माजतात.

खिडकीवर मुलगी बसली होती. मी उजवी बाटली पुढे केली. "ही बायकोची." मग डावी. "ही माझी."

"बरं," ती म्हणाली.

"ही बायकोची," मी परत सांगितलं.

"काका, चिठ्ठीवर नाव आहे की."

"ते असू दे," मी म्हणालो, आणि तिसऱ्यांदा सांगितलं.